शेषेरावांच्या माघारी

इटली, शनिवार, ११ मे २०२४

चि. बालाजीस, दादाचा आशीर्वाद.

वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो धाडून राहिलो. फोनवर बोलायची इथं सोय न्हाई. तोंड उघडलं की आपली शिवांगी शेजारी येऊन बसती, "बाबा, काकांना माझा नमस्कार सांगा" म्हणती आणि मग उठायचं नावच घेत न्हाई. लेक असली म्हणून काय झालं, काही गोष्टी भावाभावातल्या असतात. तू पण हातानंच लिही. टाईप केलेलं कुणाचंबी असू शकतंय. तुझं ते मुंग्या चालल्यासारखं अक्षर दिसलं म्हणजे मला तसल्ली.

आम्ही खुशाल हाव. शिवांगीनं इथल्या नोकरीवर तीन आठवड्यांची रजा टाकली आणि शहरात न ठेवता आम्हाला हिकडं डोंगरात एका शेतकऱ्याच्या घरी आणलं. दोन खोल्या भाड्यानं. शेतकऱ्याचं नाव ब्रुनो, माझ्याच वयाचा, द्राक्षाचा बागाईतदार. हसतो लई. एवढं हसणाऱ्या माणसाचा मला जरा शकच येतो.

इथं सुट्टी म्हणजे चालायचं. हरवलेल्या म्हशीमागं आपण एवढं चाललो तर लोक कीव करतील. इथं लोक मुद्दाम विमानानं येऊन चालतात. रोज संध्याकाळी जेवणं झाली की शिवांगी टेबलावर नकाशा पसरती आणि उद्या कुठली वाट घ्यायची ते आम्हाला विचारती. एक वाट डोंगराच्या माथ्यानं जुन्या गढीला जाती, तिथून बर्फाचे डोंगर दिसतात. एक नदीकाठानं. एक द्राक्षाच्या बागांतून छोट्या देवळाला. मी विचारलं, यातली सरकारी रस्त्यानं जाणारी कुठली? तर ती हसली. म्हणाली, बाबा, सरकारी रस्त्यानं चालायला कोण येतं?

बालाजी, सगळ्या वाटा दुसऱ्याच्या रानातून! वेलाला हात लागंल एवढ्या जवळून. कुणी इचारत न्हाई, कुणी कुत्रं सोडत न्हाई. आणि जागोजागी दगडावर, झाडावर लाल-पांढरा रंग फासलेला. तुझ्या वहिनीनं पहिला दगड बघितला आणि चप्पल काढून हात जोडले. तिला वाटलं, येळवशीच्या अवसेला रानात आपण पांडवांच्या दगडांना चुना आन् लाल काव लावतो तसले पांडव हायेत. मला वाटलं मोजणी. म्हटलं गेली बिचाऱ्याची जमीन कुठल्या तरी हायवेत. शिवांगी म्हणती, चालणाऱ्याची वाट चुकू नये म्हणून खुणा हायेत. आता मला सांग, परक्या माणसाची वाट चुकू नये म्हणून कोण आपल्या दगडाला रंग लावंल? माझा न्हाई इसवास.

तेवढ्यावरून आठवलं. आपल्या पूर्वेच्या बांधावर कुणी रंगबिंग मारला न्हाई ना? जाऊन बघून ये. साखराबाई सध्या लई गप हाय. व्यंकटची, आपल्या चुलतभावाची, बायको म्हणून बोलत न्हाई मी, पण ती बाई गप बसली की मला झोप लागत न्हाई.

तुझा,
दादा


अर्धापूर, सोमवार, १३ मे

ती. दादांस बालाजीचा नमस्कार.

पत्र मिळालं. बायकोला म्हटलं, दादांनी इटलीहून वहीचं पान पाठवलंय, तर ती म्हणाली तब्येत बरी आहे ना त्यांची?

पूर्वेच्या बांधावर रंग नाही. केळी बरी आहे, घड चांगले पडलेत. कॅनॉलची पाळी शुक्रवारी आहे.

एक गोष्ट सांगायची आहे, रागावू नका. तुम्ही विमानात बसलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तहसीलची नोटीस आली. साखरावहिनींच्या अर्जावर स्थळ पाहणी लागली आहे, बुधवारी २२ तारखेला. त्यांचं म्हणणं तेच, की आपल्या पूर्वेच्या बांधानं त्यांच्या हळदीच्या रानात जुनी गाडीवाट होती आणि टाळेबंदीच्या साली आपण तिथं केळी लावून ती बंद केली. साहेब येऊन बघणार, जुनी वहिवाट होती का नव्हती. होती असं दिसलं तर वाट मोकळी करावी लागेल.

तुम्ही इथं नाहीत, म्हणजे जबाब मलाच द्यावा लागेल. मी काय सांगू ते लिहा. तुम्हाला माहीत आहे, मी पाचवीपासून नांदेडला हॉस्टेलात, नंतर तिथंच मोटारीचं दुकान. गावाकडं परत येऊन दोन वर्षं झाली. वाट नव्हतीच, व्यंकटदादा आपल्या मेहरबानीनं येत-जात होते, असं तुम्ही सांगितलं तेच मी सगळ्यांना सांगत आलो.

साखरावहिनी नाल्याकडून दोन किलोमीटर वळसा घालून जातात. ट्रॅक्टर तिकडून जात नाही, म्हणून हळदीचं बेणं या वर्षी डोक्यावर नेणार म्हणतात. पाऊस पडून नाला भरला की तेही बंद. खोटं कशाला सांगू, बघवत नाही.

वहिनींना नमस्कार.

बालाजी


इटली, मंगळवार, १४ मे

चि. बालाजी,

तुझं पत्र वाचलं आणि ताट सारून ठेवलं.

मी विमानात बसलो आणि दुसऱ्या दिवशी नोटीस! आता मी जरा बसून इचार करून राहिलो. मला परदेशी धाडायची एवढी घाई कुणाला झाली होती? "जा दादा, आयुष्यात एकदा जाऊन या." कोण म्हणालं? तू. पासपोर्टला कोण घेऊन गेलं? तू. थर्मास कुणी आणून दिला? थर्मास बघितला तेव्हाच मला शक यायला पाहिजे होता. चाळीस वर्षांत तू मला कधी काही आणून दिलंस?

आणि ही शिवांगी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत साखराबाईच्या घरी धपाटे खायला पळायची, इसरलो न्हाई मी. ती रोज मुद्दाम मला लोकांच्या रानातून चालवून आणती. काल बागांतली वाट निवडली. मी म्हटलं माथ्यावरची घेऊ, तिथं शेतं कमी. तर म्हणती, "बाबा, तिथं चढ जास्त आहे." आता बघ. चढाचं निमित्त.

परतताना ब्रुनो आंगणात भेटला. मी शिवांगीला म्हटलं, त्याला सांग, बाबा रे, रोज एवढे लोक तुझ्या बागेतून जातात, उद्या वहिवाट सांगून उरावर बसतील. काटे टाक, न्हाईतर चर खण. ती लाजून लाल झाली. कायतरी पुटपुटली. ब्रुनो हसला आणि हात हलवून हलवून लई वेळ बोलला. शिवांगीनं मला सांगितलं काय? "म्हणतात, वाट त्यांच्या आजोबांच्याही आधीची आहे, ती बंद करणारे ते कोण." एवढंच! पाच मिनिटं बोलला माणूस आणि एवढंच! मी फोनमधलं ते भाषा बदलणारं काढायला लावलं. फोनबी तेच बोलला. पण फोन तिचाच हाय.

ते जाऊ दे. पाहणीच्या दिवशी तू ठाम राहायचं. वाट नव्हती. व्यंकटरावाला मी भाऊ म्हणून जाऊ देत होतो, तो गेला, विषय मिटला. ट्रॅक्टर नेला तर केळीच्या मुळ्या तुटतात, हे पण सांग. आणि आलेल्या लोकांना रानातल्या हौदाच्या ओट्यावर बसवू नको. चहा घरी पाज. ओट्याच्या फरश्या हलल्या का तेवढं बघून ठेव. उचलून बघू नको.

दादा


अर्धापूर, गुरुवार, १६ मे

ती. दादांस नमस्कार.

थर्मास माझ्या बायकोनं आणला होता. तिला सांगतो की दादांना त्यात कट दिसला.

हौदाच्या ओट्यावर मी रोज दुपारी भाकर खातो. आजवर कधी मनात आलं नव्हतं की या फरश्या उचलाव्यात. तुम्ही उचलू नको म्हणालात, तेव्हापासून तिथं बसून घास गोड लागत नाही. काय आहे दादा खाली? बाबांनी काही ठेवलंय का? स्पष्ट लिहा, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही.

दुसरं विचारायचं होतं. मला लहानपणीचं एक आठवतं. येळवशीला आपण सगळे बैलगाडीत बसून व्यंकटदादांच्या रानात आंबील प्यायला गेलो होतो. दोन्ही बाजूंना पांढरे दगड होते आणि मी एकेक मोजत होतो. मागं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ती नाल्याकडची वाट होती. पण नाल्याकडं मी आत्ता जाऊन आलो. तिथून बैलगाडी कशी जाईल हो?

काल साखरावहिनी घरी आल्या होत्या. बसल्या नाहीत. दारातूनच विचारलं, "शेषेराव भाऊजी कधी येणार?" मी म्हटलं, सहा जूनला. बरं म्हणाल्या आणि गेल्या.

शिवांगीनं पाठवलेला, आपल्या वहिनींचा बर्फाच्या डोंगरापुढं उभं राहून काढलेला फोटो बघितला. नऊवारीखाली बूट! सगळ्या गल्लीला दाखवला.

बालाजी


इटली, शुक्रवार, १७ मे

चि. बालाजी,

"शेषेराव भाऊजी कधी येणार?" अरे भोळ्या! ती दिवस मोजून राहिली. मी येईपर्यंत तिला किती दिवस मोकळे हायेत ते तिनं तुझ्याकडून काढून घेतलं आणि तू सहा जून सांगून मोकळा झालास. तारीख सांगायची गरज काय होती? नक्की न्हाई म्हणायचं.

आणि तू पण मला काही सांगू नको. तुझ्या पत्राचा फोटो मी बोटानं मोठा करून बघितला. कागद बाजेवर ठेवून काढलायस. बाजेखाली टिकाव हाय. टिकावाला ओली माती हाय. पाळी शुक्रवारी म्हणालास, मग गुरुवारी ओली माती कुठून आली?

आज मी शिवांगीला सांगितलं, वाट मी निवडणार. नकाशा घेऊन तासभर बसलो. जिथं हिरवं रान दिसलं ते सोडत गेलो आणि जंगलातनं जाणारी एक काढली, एकाही शेतात पाय पडणार न्हाई अशी. तुझी वहिनी म्हणाली, "तिथं बघायला काय हाय?" मी म्हटलं झाडं हायेत. तीन तास झाडं बघितली. ना डोंगर, ना गढी, बसायला एक बाक न्हाई. गुडघा असा ठणकला की इचारू नको. आणि जंगल संपलं तर काय? बदामासारख्या कसल्या तरी झाडांची बाग, आणि वाट तिच्या मधोमध! दारावर लाल-पांढरी खूण, आन् झाडांना पाणी देणारी म्हातारी आम्हाला बघून हात हलवून राहिली. मी बाहेरच बसलो. म्हटलं मी आत येणार न्हाई. शिवांगी म्हणाली, बाबा, दुसरी वाट नाही. अर्धा तास बसलो, मग गेलो. त्या म्हातारीकडं बघितलं न्हाई.

आल्यावर शिवांगीची वही टेबलावर उघडी होती. प्रत्येक वाटेपुढं आकडे. चाळीस, एकशे दहा, पंचावन्न, आणि एका आकड्याला गोल. कसले आकडे हायेत हे? किती फूट वाट म्हातारा मुकाट्यानं चालतो, याचा हिशोब तुझ्याकडं येतोय का? खरं बोल.

आणि ओट्याखाली काय असणार हाय? काही न्हाई. दगड हायेत, दुसरं काय. भराव टाकायला दगडच लागतात. खुणेचे बिणेचे न्हाईत, साधे हायेत. चुना लागलाय तो हौद बांधताना उडाला असंल. तू त्यात पडू नको.

दादा


अर्धापूर, रविवार, १९ मे

ती. दादांस,

टिकावाची ओली माती माझ्या दारातल्या कढीपत्त्याच्या झाडाची होती. पण आता तो टिकाव मी ओट्याकडं नेला. खुणेचे नाहीत असं तुम्ही लिहिलं नसतं तर मी नेला नसता. खुणेचे दगड मी विचारलेच कुठं होते?

फरश्या काढल्या. खाली अठरा दगड निघाले. भरावाचे दगड असे ओळीनं कुणी निजवत नाही. एकेकावर चुन्याचे थर आहेत, बोटाच्या पेराएवढे जाड. हौद बांधताना उडालेला चुना असा बसत नाही दादा. येळवशीला दरवर्षी लावलेला तो चुना आहे. कुणाकुणाच्या हातचा असेल, बाबांच्या, काकांच्या, व्यंकटदादांच्या. एका दगडावर लहान पोराचा पंजा उमटलाय. तो माझा असेल का तुमचा, माहीत नाही.

म्हणजे मला आठवत होतं ते खरं होतं. दोन वर्षं मी साखरावहिनींच्या तोंडावर सांगत आलो की वाट नव्हती. त्यांनी एकदा मला म्हटलं होतं, "बालाजी, तुम्ही तर गाडीत माझ्या मांडीवर बसून आलात." मी म्हटलं, वहिनी, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. दादा, मला कालपासून स्वतःचीच किळस येऊन राहिली.

बुधवारी साहेब येतील. मी खरं सांगणार आहे. दगड बांधाला मांडून ठेवणार आहे. तुम्हाला न सांगता करायचं नाही म्हणून लिहिलं.

बालाजी


इटली, सोमवार, २० मे

बालाजी,

वा रे भावा! म्हणजे माझं म्हणणं खरं निघालं. मला समुद्रापार नेऊन ठेवलं आणि मागं माझं रान उकरलं. एकेकाची कामं वाटून घेतलेली दिसतात. शिवांगीनं हिकडं फिरवायचं, तू तिकडं खणायचं, आणि ती बाई दारात येऊन तारीख इचारणार.

हाव, मीच काढले दगड. ऐकायचंय ना? ऐक. टाळेबंदीच्या चैत्रात, भरदुपारी, माणूस न माणूस घरात होता तेव्हा. चार दिवस लागले. तू नांदेडला दुकानाचं शटर लावून बसला होतास. व्यंकट जाऊन सहा महिने झाले होते. मला कळलं की साखराबाईचे भाऊ येऊन रान बघून गेले. म्हटलं, आज वाट हाय, उद्या तिचे भाऊ येतील, परवा आणखी कुणाला रान देतील आणि परकी माणसं माझ्या केळीतून ट्रॅक्टर नेतील. वाट नसली तर रान दुसऱ्या कुणाच्या कामाचं न्हाई. मग ते आपल्याकडंच येईल, तिला रानाचा वर्षाचा खंड आपणच देऊ, तीही सुखात, आपणही. यात माझं काय चुकलं? घरातलं रान घरात राहावं म्हणूनच केलं ना मी?

चार वर्षं झाली, ती बाई वळसा घालून जाती पण रान देत न्हाई. एवढा हट्ट!

दगड होते तिथं ठेव. फरश्या बसव. मंगळवारपर्यंत करून मला फोटो पाठव. न्हाई केलंस तर मी आल्यावर आपल्या दोघांच्या चुली वेगळ्या, आणि मी मेलो तरी खांद्याला येऊ नको.

शेषेराव


अर्धापूर, गुरुवार, २३ मे

ती. दादांस,

तुम्ही नुसतं शेषेराव म्हणून सही केलीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तरी मी तुम्हाला दादाच लिहितो.

फोटो पाठवला नाही कारण दगड ठेवले नाहीत. मंगळवारी संध्याकाळी अठराही दगड पूर्वेच्या बांधाला नेऊन केळीच्या कडेनं मांडले. हातगाड्यावर. पाठ मोडली.

काल सकाळी साहेब आले. तलाठी होते, दोन पंच होते, अर्धी गल्ली होती. साखरावहिनी सगळ्यांच्या आधी येऊन बांधावर बसल्या होत्या. दगड बघून त्या उठल्या आणि एकेका दगडाजवळ जाऊन वाकून बघायला लागल्या. एका दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

साहेबांनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी मागं वळल्या. म्हणाल्या, "साहेब, शेषेराव कुठं हायेत?" साहेब म्हणाले, परदेशात आहेत, भाऊ हजर आहे, चालतं. वहिनी म्हणाल्या, "मला चालत न्हाई."

दादा, तिथली सगळी माणसं त्यांच्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, वहिनी, मी खरं सांगायला उभा आहे, दगड तुमच्या समोर आहेत, आज वाट तुमची होईल. त्या म्हणाल्या, "दिसतंय मला. तुमचं मन चांगलं हाय बालाजी भाऊजी. पण बंद तुम्ही केली न्हाई. ज्यानं बंद केली तो माणूस गावात नसताना मी वाट घेतली, तर उद्या ते येऊन म्हणतील, माझ्या माघारी केलं, चोरून केलं. आणि पुन्हा काटे टाकतील. मग मी किती वर्षं तहसील करू? ते असतील तेव्हा पाहणी करा."

साहेबांनी दोनदा समजावलं. पुढची तारीख पंधरा जुलैच्या पुढं मिळेल म्हणाले. वहिनींनी तशी सही केली.

जुलैत नाला भरलेला असेल, दादा. बेणं लावायला मृगाचा पहिला आठवडा धरायचा असतो, तुम्हाला मी सांगायची गरज नाही. त्यांच्या पडवीत बेण्याला कोंब फुटलेत. डोक्यावर नेऊन होईल तेवढंच, बाकी या वर्षीची हळद गेली म्हणून समजा. तुम्ही कधी येणार हे त्यांनी का विचारलं होतं ते मला काल कळलं.

मी तुमच्या माघारी केलं. त्यांनी केलं नाही. एवढंच कळवायचं होतं.

बालाजी


इटली, सोमवार, २७ मे

चि. बालाजी,

चार दिवस लिहिलं न्हाई. पहिल्या दिवशी म्हटलं, ही पण एक चाल असंल. साहेबासमोर चांगलं दिसायचं, माझी गावात छी-थू करायची. दोन दिवस मी यात तिचा फायदा काय ते शोधत बसलो. कागद घेऊन बसलो अक्षरशः. तारीख पुढं गेली, पाऊस येणार, नाला भरणार, हळद जाणार. सगळं तिच्याच अंगावर येतंय. एकबी फायदा सापडंना.

काल संध्याकाळी शिवांगीनं नकाशा पसरला आणि मी म्हटलं, तुझ्या वहीतले आकडे कसले हायेत ते आधी सांग. ती म्हणाली, "बाबा, चढ किती मीटर आहे ते लिहिलंय. शंभराच्या वर गेला की तुमचा गुडघा सुजतो, म्हणून कमी चढाची वाट शोधते. सपाट जागा मिळते ती शेतातच." जंगलातली वाट एकशे दहाची होती, तिलाच तिनं गोल केला होता. मी निवडली तेव्हा ती बोलली न्हाई, कारण मी ऐकणार नव्हतो. मग तिनं इचारलं, "तुम्हाला काय वाटलं होतं?" तुझी वहिनी बसली होती, तिनंच सगळं सांगून टाकलं. दगडांचं पण. तिला पहिल्यापासून माहीत होतं, चार दिवस भरउन्हात मला भाकर तीच आणून देत होती. पोरगी उठून आत गेली. आज सकाळी आम्ही कुठंच गेलो न्हाई.

मला लाज वाटून राहिली बालाजी. लपवून काय करू? परक्या मुलखात बसून, ज्या पोरीनं माझा गुडघा मोजला तिच्यावर मी शक घेतला. तू आणि साखराबाई मिळाला असाल म्हणून तुला नको ते लिहिलं. आणि ज्या बाईनं माझ्या माघारी काही करायला नको म्हटलं, तिच्याच माघारी मी सगळं केलं, माझा भाऊ जाऊन सहाच महिने झाले होते तेव्हा.

मी सहा जूनला येणार. पाऊस थांबायचा न्हाई. तू आजच कोयता घे आणि पूर्वेच्या बांधाच्या केळीच्या दोन ओळी काढ. घड लागलेत म्हणून थांबू नको. ट्रॅक्टर जाईल एवढी जागा सोड, दहा फूट, मोजून. दगड तिथंच राहू दे. आणि खालचं पान साखराबाईला पोचव. नुसता फोटो दाखवू नको, कागदावर उतरवून घेऊन जा, आणि तुझ्या फोनवर माझं अक्षर पण दाखव. नुसत्या तुझ्या अक्षरावर ती कशाला इसवास ठेवंल? मीच ठेवला नसता.

केळी काढताना फोटो पाठव. तुझ्यावर शक न्हाई. सवय जाता जात न्हाई, म्हणून.

तुझा,
दादा

*

साखरावहिनीस शेषेरावाचा नमस्कार.

पूर्वेच्या बांधानं तुमच्या रानात जायची गाडीवाट होती. माझ्या बापानं आणि व्यंकटच्या बापानं मिळून सोडलेली. अठरा दगड होते. टाळेबंदीत ते मी काढले. मी एकट्यानं. बालाजीला माहीत नव्हतं, तो दोन वर्षं माझं खोटं खरं समजून बोलला, त्याला बोल लावू नका.

वाट आज मोकळी करायला सांगितलीय. हे मी सांगून राहिलो, माझ्या माघारी होत न्हाई. तुम्ही ट्रॅक्टर न्या, बेणं न्या, माणसं न्या. तुमचे भाऊ आले तर त्यांनाबी येऊ द्या. जुलैत जी तारीख लागंल तिला मी साहेबापुढं हेच सांगणार.

चार वर्षं तुम्हाला नाल्याकडनं चालवलं. व्यंकट असता तर त्यानं मला तोंडावर बोल लावला असता. तुम्ही लावा.

शेषेराव


अर्धापूर, बुधवार, २९ मे

शेषेराव भाऊजींना साखराबाईचा नमस्कार.

मी चौथी शिकली, अक्षर समजून घ्या. बालाजी भाऊजी फोटो काढून तुम्हाला पाठवतो म्हणले.

तुमचा कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा मला वाटलं ह्यात काय तरी डाव हाय. तुम्ही राग मानू नका, चार वर्षांनी माणसाला तसंच वाटतंय. बालाजी भाऊजीला म्हटलं, आधी केळी पडलेली मला डोळ्यानं बघू द्या. काल जाऊन बघितली. घड लागलेल्या दोन ओळी आडव्या पडल्यात. तवा म्हटलं खरं हाय.

कागदात दोन गोष्टी राहिल्या. तुम्ही लिवलं, तुम्ही न्या. माझ्या मागं माझ्या लेकीनं न्यावं का न्हाई ते लिवलं न्हाई. तिचं पण नाव घाला. आन् फोटोतल्या सहीला कुणी इचारत न्हाई म्हणतात. सहा तारखेला आल्या-आल्या आधी माझ्या घरी यायचं, हातपाय नंतर धुवा, दोन माणसांसमोर शाईनं सही करायची. न्हाई केली तर जुलैत मी हायच.

बोल लावायला सांगितलं तुम्ही. लावीन. तोंडावर लावीन, कागदावर मावायचा न्हाई.

तवर वाट बघत बसत न्हाई. तुमच्यावर अजून इसवास बसला न्हाई, पण आभाळ भरून आलंय. ज्ञानोबाचा ट्रॅक्टर सांगितलाय. उद्या सकाळी सात वाजता बेणं घेऊन जाते.

साखराबाई